कॅमेरा उन्हात ठेवलात का?

माझा मामा आयुष्यभर पेपरच्या शेवटच्या पानावर राहिला. म्हणजे त्याचे फोटो राहिले, पण मामा आणि त्याचे फोटो यांत फरक करायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तो खेळाचा फोटोग्राफर होता. फुटबॉल, हॉकी, धावण्याच्या शर्यती, जे काही पळतं ते त्याचं. लोक पेपर पहिल्या पानापासून वाचतात, आमच्याकडे तो उलटा वाचला जायचा. मामी चहाचा कप हातात धरून आधी शेवटचं पान बघायची, फोटोखालचं बारीक अक्षरांतलं नाव शोधायची, "आलंय" म्हणायची, आणि मग जगात काय चाललंय ते बघायला पेपर सुलटा करायची.

मी त्याच पेपरात पानं लावायचे. बातम्या आणि फोटो पानात कुठं, केवढे बसवायचे हे ठरवण्याचं काम. नोकरी लागली तेव्हा आठवडाभरासाठी म्हणून मामाकडे राहायला गेले, ती लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्यावरून कुणी उसासे टाकायला आलं तर मामी त्याला चहासुद्धा विचारत नसे. मला मात्र त्या घरात दुधाची साय मिळायची आणि बोलणीही भरपूर खावी लागायची.

आता मामाच्या कामाबद्दल सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आजकाल फोन वर धरला की फोटो निघतो. ऊन किती, सावली किती, हे तो फोन आपलं आपण बघतो आणि लोक वर मलाच विचारतात, "छान आलाय ना?" तेव्हा तसं नव्हतं. उन्हात एवढा उजेड आत घ्यायचा, सावलीत तेवढा, हे माणसानं ठरवायचं. कॅमेऱ्याला दोन ठिकाणी फिरवायची सोय होती. एक, लेन्सवरची कडी. ती फिरवली की लेन्सचं भोक लहानमोठं व्हायचं. दुसरी, वरची चकती. फोटोचा पडदा किती झटकन उघडून मिटायचा ते ती ठरवायची. पळणारा माणूस स्पष्ट हवा असेल तर चकती पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवायची. साठवर ठेवली तर पडदा सावकाश मिटतो आणि पळणाऱ्याचा नुसता फराटा येतो. घरात, खिडकीशी शांत बसलेल्या माणसासाठी मात्र साठ ठीक.

आमच्या मैदानाच्या पश्चिमेला प्रेक्षकांची मोठी पत्र्याची शेड होती. दुपार कलली की तिची सावली मैदानात उतरायची आणि बरोबर एका गोलपोस्टच्या समोरून जायची. खेळाडू बॉल घेऊन उन्हातून यायचा आणि गोल मारायच्या आत सावलीत शिरायचा. बाकीच्या फोटोग्राफरांचे तिथं हाल व्हायचे. उन्हाच्या हिशेबानं काढला की खेळाडू सावलीत काळाठिक्कर. कॅमेरा खाली घेऊन आकडे बघत बसलं तर गोल होऊन लोक नाचायला लागलेले. मामा डोळा कॅमेऱ्यावरून काढायचाच नाही. खेळाडूचा पाय सावलीच्या रेघेवर पडला की त्याचा डावा हात कडीचे तीन खटके फिरवायचा आणि उजवं बोट दाबायचं. खेळाडू परत उन्हात गेला की तीन खटके उलटे.

अंधारातही बोटाला कळावं म्हणून प्रत्येक लेन्सच्या कडीवर, उन्हाच्या आकड्यापाशी, त्यानं नेलपॉलिशचा एक लाल थेंब लावून ठेवला होता. नेलपॉलिश मामीचं. ती म्हणायची, "माझ्या बाटलीतलं निम्मं यांच्या कॅमेऱ्यानंच लावलं."

त्यानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: काम संपलं की कॅमेरा उन्हात ठेवायचा. म्हणजे खरोखर उन्हात नव्हे. काहीही टिपून झालं की कडी लगेच मागं, थेंबावर. मग पुढच्या वेळी बोटांना मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक असतं. ही शिस्त घराला इतकी भिनली होती, की मामा निघाला की मामी दारात उभी राहून विचारायची, "चावी? रुमाल? कॅमेरा उन्हात ठेवलात का?" मग मामा बॅग उघडून कॅमेरा बाहेर काढायचा, आकडे बघायचा आणि म्हणायचा, "पाचशे, अकरा." पाचशे चकतीवरचे, अकरा कडीवरचे. तिला त्या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण ते ऐकल्याशिवाय ती दार लावत नसे.

सरावही घरीच चालायचा. मागच्या अंगणात सकाळी निम्म्या भागात ऊन असायचं, निम्म्यात भिंतीची सावली. दोरी आडवी बांधलेली. मामी धुतलेले कपडे वाळत घालत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि मामा पायरीवर बसून तिच्यावर कॅमेरा रोखायचा. ती सावलीत गेली की तीन खटके, उन्हात आली की तीन खटके, मधे ठक्‌ ठक्‌ आवाज. कॅमेरा मात्र रिकामा. रोल महाग, सरावावर घालवायचा नाही.

"जगाचे फोटो काढता," मामी चिमटे दातांत धरून बोलायची, "आणि माझा संसार रिकाम्या कॅमेऱ्यात."

"तू पळत नाहीस ना. मला पळणाऱ्यांचेच येतात."

"सकाळपासून पळतेच आहे मी. तुम्ही बघता कुठं? डोळा तर मिटलेला."

"एकच मिटलेला."

हे भांडण मी इतक्यांदा ऐकलं होतं, की दोघांपैकी एक घरात नसला तरी त्याची वाक्यं मी म्हणू शकले असते. पण त्यात थोडं खरंही होतं. मामीचा धड असा एकही फोटो नव्हता. लग्नातला होता, तो दुसऱ्या कुणी काढलेला, त्यात तिचे डोळे मिटलेले. मामा घरात फोटो काढतच नसे. काम ते काम, घर ते घर, असं त्याचं म्हणणं. मला त्याचा हा बाणेदारपणा कधी पटला नाही. शेजारणींच्या बैठकीच्या खोलीत त्यांचे रंगीत फोटो टांगलेले बघून मामीचं तोंड बारीक व्हायचं, ते मला दिसायचं.

मामाला मात्र एकाच गोष्टीची ओढ होती. पहिल्या पानाची. बोलून दाखवायचा नाही, पण मी पानं लावायला बसले की मागं येऊन उभा राहायचा आणि पहिल्या पानावरचा फोटो बघायचा. बहुतेक वेळा कुठल्यातरी पुढाऱ्यानं कुठलीतरी फीत कापलेली असायची. "हा हललाय," मामा म्हणायचा, "माणूस जागचा हलत नाही आणि फोटो हललाय." एवढं बोलून निघून जायचा. इतक्या वर्षांत खेळाचा फोटो पहिल्या पानावर एकदाही गेला नव्हता.

त्याच्या निवृत्तीचा दिवस आणि चषकाची फायनल एकाच दिवशी आली. आमचे संपादक तसे चिक्कू माणूस, स्तुतीचा शब्दसुद्धा मोजून द्यायचे. पण त्यांनी मामाला बोलावून सांगितलं, "फायनलच्या दुसऱ्या दिवशी पहिलं पान तुमचं. अर्धं पान फोटो, आणि नाव ठळक." मामानं घरी येऊन ते सांगितलं आणि मामी रडायलाच लागली. मग स्वतःवरच चिडली आणि कांदा चिरायला बसली, म्हणजे रडण्याला कारण झालं.

फायनलच्या सकाळी मी घरीच होते. संध्याकाळी ऑफिसात मामाचा निरोपसमारंभ होता, म्हणून मामीनं ठेवणीतले कपडे सकाळीच घालून बघितले होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी केस वर बांधत होती. दोन्ही हात डोक्यामागं, दातांत पिन. मामा टेबलाशी बसून कॅमेऱ्यात रोल भरत होता. रोल नवा भरला की पहिले एकदोन फोटो वाया घालवावे लागतात, कारण रोलचं टोक उजेड लागून जळालेलं असतं. मामा ते एरवी भिंतीवर घालवायचा. त्या दिवशी त्यानं वर बघितलं.

"थांब. अशीच थांब," तो म्हणाला.

मामीच्या तोंडात पिन, त्यामुळे तिला बोलता येईना. मामानं छोटी लेन्स लावली, लेन्सची कडी उघडली, वरची चकती पाचशेवरून साठवर आणली आणि एकदा दाबलं. मामीनं पिन काढली.

"काढलात? खरंच?"

"नाहीतरी पहिला फोटो वायाच जातो."

"म्हणजे माझ्यावर वाया घालवला होय!" असं म्हणत ती इतकी हसली, की केस सगळे सुटले.

तेवढ्यात बाहेर ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. मामाच्या डाव्या हातानं कडी आपोआप मागं, थेंबावर नेली. जन्माची सवय ती. पण वरची चकती उजव्या हाताची, आणि उजव्या हाताला तशी सवयच नव्हती. मैदानावर ती चकती कधी हलायचीच नाही, कायम पाचशेवर. म्हणून तिच्यावर थेंबही नव्हता. कॅमेरा बॅगेत गेला. मामा दारातून बाहेर पडला. मामी खिडकीशीच उभी होती, केस हातात धरून, आणि तिथूनच ओरडली, "फोटो कसा आला ते सांगा हं!"

त्या दिवशी तिनं चावी विचारली नाही, रुमाल विचारला नाही, कॅमेराही विचारला नाही. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

सामना मी बघितला नाही, पण रेडिओवर ऐकला. शेवटच्या मिनिटांत गोल झाला, पश्चिमेच्या त्याच गोलपोस्टमध्ये, सावली मैदानात पुरती उतरलेली असताना. ऑफिसात सगळे खुर्च्यांवरून उठले आणि पहिला विचार सगळ्यांच्या मनात एकच आला: मामा तिथंच बसलेला असणार. मी पहिल्या पानावर अर्धं पान रिकामं सोडून ठेवलं होतं आणि खाली त्याचं नाव ठळक अक्षरांत आधीच लावून टाकलं होतं. इतका विश्वास मी दुसऱ्या कुणावर टाकला नसता.

संध्याकाळी मी फोटो घ्यायला तळमजल्यावर गेले. डार्करूमचं दार उघडं होतं. रोल धुऊन झाले होते, ओल्या पट्ट्या चिमट्यांना लटकत होत्या आणि मामा दिव्याच्या काचेसमोर स्टुलावर बसला होता. मी आत आले तरी त्यानं मान वळवली नाही. नुसतं भिंग माझ्यापुढं सरकवलं.

निगेटिव्ह वाचायला मला जेमतेम यायचं, पण हे कळायला काही शिकावं लागत नव्हतं. पट्टीच्या पट्टी काळी होती. उजेड भसाभसा आत शिरलेला, आणि त्या काळ्यात खेळाडूंचे फराटे. कोण कुठला, हात कुठं, पाय कुठं, काही कळत नव्हतं. गोलचा फोटोही त्यातच होता. बॉल जाळ्याकडे चाललाय, गोलकीपर आडवा हवेत, मारणारा तोल जाऊन पडतोय. सगळं बरोबर जागेवर, अगदी बरोबर क्षणाला, आणि सगळं पुसट. तीन खटके त्यानं चोख दिले होते. चकती मात्र साठवर होती. एरवी पडद्याच्या आवाजावरूनच त्याला कळलं असतं. पण फायनलच्या त्या आरड्याओरड्यात स्वतःचा आवाज ऐकू आला नसता, पडद्याचा कुठला यायला.

मग त्यानं पहिल्या पट्टीचं टोक माझ्यासमोर धरलं. रोलचा जळका भाग कडेलाच संपला होता, आणि त्या सगळ्या काळ्यात एकच चौकट स्वच्छ होती. मामी, खिडकीशी, हात डोक्यामागं, दातांत पिन, तिरक्या नजरेनं बघतेय. बोलायला आतुर झालेली. केसांचा एकेक धागा मोजता आला असता.

"साठवर राहिला," मामा म्हणाला.

रडू आलं, आणि राग कुणाचा येतोय तेही कळेना.

"तिला सांगू नकोस," तो पुढं म्हणाला. "दारात विचारलं नाही म्हणून जन्मभर स्वतःला लावून घेईल."

"आणि तिचा फोटो?"

"तो बघितला की कळणारच तिला. माझ्याबरोबर राहून एवढं तिला कळतं. पहिला लख्ख आणि पुढचे सगळे गेले, म्हणजे काय झालं ते ती पाणी पिता पिता सांगेल."

"मग?"

"मग काय. सगळेच रोल खराब निघाले म्हणायचं. तिचाही त्यातच गेला."

वर समारंभाची तयारी झाली होती. मामी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून पहिल्या खुर्चीवर बसली होती. मामानं संपादकांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग मामीला सांगितलं. रोल खराब. एकाच खोक्यातले सगळे. मामी उठून उभी राहिली आणि तिनं त्या रोल बनवणाऱ्या कंपनीचा असा उद्धार केला, की शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे हसायला लागले. मामाही हसला. मी चहाचे कप गोळा करत राहिले. त्या दिवशी पहिल्या पानावर दुसऱ्या पेपरच्या फोटोग्राफरनं मैत्रीखातर दिलेला फोटो लागला, मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून काढलेला. मामाचं ठळक नाव मी माझ्या हातानं काढलं.

त्यानंतरची वर्षं तशी आनंदातच गेली, हे मला मुद्दाम सांगायचंय. मामा काही खचला वगैरे नाही. शाळांच्या शर्यतींना हौसेनं जायचा, जुन्या मित्रांबरोबर मैदानाच्या कुंपणाशी बसायचा, सावली कुठवर आली यावर वाद घालायचा. माझं लग्न झालं, मी जवळच राहायला गेले, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला असायचे. फक्त एक बदल झाला होता. वरच्या चकतीवर, पाचशेच्या आकड्यापाशी, आता एक लाल थेंब आला होता.

"निवृत्त झाल्यावर कशाला नवा थेंब?" मामीनं विचारलं होतं.

"बोटं म्हातारी झाली," मामा म्हणाला होता.

पण कुणी पाहुणा आला आणि फोटोंचा विषय निघाला, की मामीचं सुरू व्हायचं. "आमच्या यांनी माझा उभ्या आयुष्यात एक फोटो काढला. एक! तोही रोलवाल्यांनी जाळला." पाहुणे हसायचे. मामा कपातल्या चहाकडे बघत राहायचा. मी मामाकडे बघायचे. एकदा पाहुणे गेल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. माझा स्वभाव मुळात तापट, आणि त्या दिवशी तर डोकंच फिरलं होतं.

"तू तिला जपतोयस की छळतोयस?"

तो वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिला. डाव्या हाताची दोन बोटं हवेतच फिरत होती, तीन इकडे, तीन तिकडे. "मलाही आता कळेनासं झालंय," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर इतकी वर्षं लपवलं याचा वेगळा हिशेब."

मी आत जाऊन भांडी आदळली.

मग मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याचा कामाचा, म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा डोळा तोच. दुसऱ्यानं त्याला फारसं दिसायचं नाही, त्यामुळे पट्टी सुटेपर्यंत तो जवळजवळ आंधळाच. पलंगावर बसून कंटाळला. म्हणाला, कॅमेरा तरी हातात द्या, नुसता धरतो. मामीनं कपाटावरून जुनी बॅग काढली. कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि लेन्स पुसायचं मऊ फडकं शोधायला लागली. मी समोरच्या खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होते. मामीनं बॅगेच्या झाकणातला आतला कप्पा उघडला आणि फडक्याबरोबर तिच्या हातात एक फोटो आला.

मी मोसंबी खाली ठेवली.

मामी बोलायची थांबली. हे त्या घरात कधी होत नसे. मामाला दिसत नव्हतं, पण ती शांतता त्यालाही ऐकू आली असणार. त्याची बोटं कडीवर थांबली.

"काय गं? फडकं नाही मिळालं?"

ती फोटो खिडकीकडे धरून बघत राहिली. स्वतःचे केस, स्वतःचे हात, दातांतली पिन. मग तिनं फोटो खाली घेतला आणि मामाच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या चकतीवरचा लाल थेंब बघितला. परत फोटो बघितला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकेक गोष्ट तिला कळत जाताना मला दिसत होती.

मग ती हळूच म्हणाली, "कॅमेरा उन्हात ठेवलात का?"

मामाला सगळं कळलं. त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला.

"साठवर राहिला गं," तो म्हणाला.

मामी त्याच्या शेजारी पलंगावर बसली. "त्या दिवशी मी विचारलंच नाही."

"विचारायचं काम तुझं नव्हतंच. बघायचं काम माझं होतं."

"पहिलं पान गेलं तुमचं."

"गेलं."

मला वाटलं आता ती रडणार. डोळे भरले होतेच. पण मामी ती मामीच. एकदम ताठ झाली आणि म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं त्या रोलवाल्यांना शिव्या घालतेय! त्यांचं काय बिचाऱ्यांचं?"

मामा हसायला लागला, डोळ्यावर पट्टी असताना हसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही. मीही हसले आणि मग रडले. मामीनं फोटो परत वर धरला.

"अशी दिसत होते मी?"

"अजून तशीच दिसतेस."

"पट्टी आहे तुमच्या डोळ्यावर," ती म्हणाली. पण फोटो तिनं कप्प्यात परत ठेवला नाही. त्याच दिवशी तिनं माझ्या नवऱ्याला बोलावून बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून घेतला आणि शेजारणींना एकेक करून चहाला बोलावलं. गोष्टही सगळ्यांना सांगितली, स्वतःचा विसरभोळेपणा जरा वाढवूनच. मामाला वाटत होतं ती मोडून पडेल. पण फोटो कुणी जाळला नव्हता, तो होता, मामानं इतकी वर्षं स्वतःजवळ बाळगला होता, हेच तिला पुरलं. माणसं एकमेकांना इतकं ओळखूनही कधीकधी मुळीच ओळखत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

पट्टी निघाल्यावर मामानं एक रोल आणवला. तेव्हा रोल मिळायचेही बंद होत आले होते, माझ्या नवऱ्यानं कुठून कुठून शोधून आणला. मामी खिडकीशी उभी राहिली. केस पांढरे आणि विरळ झालेले, हात पूर्वीसारखे डोक्यामागं जात नव्हते. पिन मात्र दातांत धरलीच. मामानं रोल भरला आणि आधी दोनदा भिंतीकडे तोंड करून दाबलं.

"हे कशाला?" मामीनं पिन काढून विचारलं.

"पहिले वाया जातात. ते भिंतीला. तुझा तिसरा."

मामीनं पिन परत दातांत धरली आणि मान जरा तिरकी केली. मामानं न बघता चकती थेंबावरून साठवर आणली, कडी उघडली आणि दाबलं. सावकाश मिटणाऱ्या पडद्याचा आवाज त्या शांत स्वयंपाकघरात मला स्वच्छ ऐकू आला. डावा हात आपोआप कडी मागं न्यायला लागला, उजवा चकतीकडे वळला. इतक्या वर्षांत उजव्यालाही ती सवय लागली होती.

"राहू दे," मामी म्हणाली. "आता कुठं सामन्याला जायचंय तुम्हाला."

मामाचे दोन्ही हात थांबले. त्यानं कॅमेरा तसाच टेबलावर ठेवला.

आधी मामी गेली, मग मामा. कॅमेरा माझ्याकडे आला. बैठकीच्या खोलीतले तिचे दोन्ही फोटोही आले, शेजारी शेजारी लावलेत. घरी येणारा प्रत्येक जण कॅमेरा उचलतो आणि काही ना काही फिरवायला जातो. मी लगेच ओरडते. लोकांना वाटतं, म्हातारीला जुन्या वस्तूंचं फार वेड. वाटू दे. लाल थेंब पाचशेपाशी आहे आणि चकती साठवर. ती तिथंच राहणार आहे.